शेवळाचं पान राखू या

(मृग नक्षत्राच्या आठवड्यात सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



पहिला पाऊस पडून गेला. तुमच्यापैकी कुणाचा राब पेरून झाला असेल, कुणाची अजून घाई चालली असेल. कुणी चुलीपुढं भाकरी थापत ऐकत असाल, तर कुणी गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसल्या असाल. आज मला शेवळाविषयी बोलायचं आहे. शेवाळ नव्हे हं, शेवळ. विहिरीच्या पायरीवर धरतं ते शेवाळ. आणि मृगाच्या पावसात डोंगरउतारावर जमिनीतून सरळ दांडा वर येतो, ज्याची आपण भाजी करतो, ते शेवळ. देशावरच्या बहिणींनी ते पाहिलं नसेल कदाचित, पण ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातल्या बाईला ते सांगावं लागत नाही. कल्याण, पनवेल, वसईच्या बाजारात जूनमध्ये काकडाच्या हिरव्या फळांशेजारी जुड्या मांडून बसणाऱ्या बाया आपल्यातल्याच असतात.

मीही त्यांतलीच. लग्न होऊन पाड्यावर आले, त्या वर्षी सासूबाईंनी मला पहिल्यांदा शेवळाला नेलं. पहाटे निघालो आणि ऊन वर यायच्या आत दोघींच्या दोन पाट्या भरल्या. त्या पैशांतून नणंदेची वह्यापुस्तकं आली आणि घरात मीठमसाला आला. जून महिना कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. शाळा सुरू होते, बियाणं घ्यायचं असतं, खत घ्यायचं असतं, आणि हातात मजुरी नसते. अशा दिवसांत डोंगर पाटी भरून देतो ती ही शेवळाची.

गेली काही वर्षं मात्र त्याच उतारावर दोघी जाऊन अर्धी पाटीसुद्धा भरत नाही. आमच्या गटात यावर बोलणं निघालं, तेव्हा एक बाई म्हणाल्या, "आपण तर नुसता दांडा खुडतो. कंद जमिनीतच राहतो. मग शेवळ कमी कसं होईल? पाऊसच बदललाय." दुसरी म्हणाली, "फार्महाऊसवाल्यांनी कुंपणं घातली, म्हणून." दोघींचंही काही खोटं नव्हतं. कुंपणात गेलेली जमीन गेलीच. पण ज्या उतारावर कुंपण नाही आणि जो अजून आपल्याच पायाखालचा आहे, तिथं का कमी झालं? याचं उत्तर शोधायचं तर शेवळाचं अख्खं वर्ष समजून घ्यायला हवं. आपल्याला त्यातले जूनचे तीन आठवडेच माहीत असतात. उरलेल्या वर्षात ते काय करतं, हे आपण कधी पाहिलेलंच नसतं.

तर हे वर्ष मी तुम्हाला सांगते.

शेवळ हे सुरणाच्या जवळच्या नात्यातलं. अळूही त्याच मोठ्या कुळातलं. जमिनीखाली कंद, आणि कंदात साठवलेलं पीठ. पावसाळा संपला की वरचं सगळं वाळून जातं आणि कंद झोपतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत, म्हणजे आठ महिने, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या जागेवरून गुरं चालतात, आपण लाकडं घेऊन चालतो. पायाखाली काय आहे याचा पत्ता नसतो.

मग मेअखेरीला वळवाचा पाऊस येतो, मृग लागतो, जमीन ओली होते. त्या ओलीनं कंद जागा होतो आणि मोठा कंद सगळ्यात आधी फुलाचा दांडा वर काढतो. पान नाही, पाती नाही, थेट फूल. आता तुम्ही मला सांगा, कुठलंही झाड आधी पानं काढतं, ऊन खातं, अन्न करतं आणि मग फुलतं. याला एकही पान नसताना फुलायला बळ आलं कुठून?

ते आलं मागच्या वर्षीच्या पानातून. मागच्या पावसाळ्यात या कंदाला एक पान आलं होतं. त्या पानानं दोन-तीन महिने ऊन घेऊन जे अन्न केलं, ते कंदात भरून ठेवलं. आठ महिने ते तसंच राहिलं. आणि या वर्षी पहिल्या पावसात त्यातून फूल निघालं. म्हणजे आपण जूनमध्ये जी भाजी खातो, ती मागच्या श्रावण-भाद्रपदातल्या पानाची कमाई असते. आपल्या बचत गटात कसं, महिन्यामहिन्याला पैसे टाकले तर अडीनडीला काढता येतात. टाकलेच नाहीत तर पेटी उघडून काय मिळणार?

फूल येऊन गेलं की साधारण महिनाभरात पान येतं. बहुधा एका कंदाला एका पावसाळ्यात एकच. पण ते एक पान कसं असतं पाहा. जाडसर दांडा, त्यावर सापाच्या अंगासारखे ठिपके आणि चट्टे, आणि वर तीन फांद्या फुटून छत्रीसारखा पसरलेला कापरा-कापरा पाला. अनोळखी माणसाला ते छोटं रोपटंच वाटतं. आमच्याकडं पोरं तो ठिपक्यांचा दांडा पाहून साप समजून काठीनं झोडतात. आणि आपण मोठ्या बायासुद्धा गवत कापताना, वरी-नाचणीचं रान बेणताना तो दांडा विळ्यानं उडवतो. कारण हे शेवळाचंच पान आहे हे निम्म्या जणींना माहीत नसतं. फूल आणि पान एका वेळी कधी शेजारी दिसत नाही, मग नातं लागणार कसं? मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. एकदा मी गवताबरोबर असं पान कापलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं पोरी, पुढच्या सालचं शेवळ कापलंस." तेव्हा मला वाटलं, म्हातारी माणसं काहीतरी बोलतात. त्या अक्षरशः खरं बोलत होत्या.

कारण हे एकच पान असतं. पानं खूप असलेल्या झाडाचं एक पान तोडलं तर बिघडत नाही. याचं एक पान गेलं तर त्या वर्षाची सगळी कमाई गेली. सुरण लावणाऱ्या बायांना हे लगेच पटेल. आपण सुरणाचा तुकडा लावतो, त्यातलं पीठ खाऊन पान वर येतं, जुना तुकडा आक्रसत जातो आणि पानाच्या कमाईवर वर नवा कंद भरतो. पान भाद्रपदापर्यंत टिकलं तर कंद मोठा होतो. मध्येच गुरानं खाल्लं तर खणल्यावर हातात लिंबाएवढा कंद येतो. शेवळाचंही तसंच. पान मधेच गेलं की कंद लहान होतो. आणि लहान कंदाला फूल येत नाही, नुसतं पान येतं. सलग दोन-तीन वर्षं पान कापलं गेलं तर तो कंद शेवळ देणं बंद करतो. तो मेलेला नसतो, जमिनीतच असतो, पण फुलायची ऐपत त्याच्यात उरत नाही.

म्हणजे आमच्या बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. "कंद जमिनीतच राहतो" हे खरं, पण नुसता राहून भागत नाही, तो भरावा लागतो.

आता उरलेलं अर्धं उत्तर. ते बियांचं आहे.

आपण बाजारात नेतो ते शेवळ मिटलेलं असतं. उमललेलं कुणी घेत नाही. का घेत नाही, ते ज्यांनी वास घेतलाय त्यांना सांगायला नको. उमललेलं शेवळ असं घाण मारतं की पोरं म्हणतात, इथं काहीतरी मेलंय. पण तो वास उगीच नाही. सडक्या वासावर येणाऱ्या माश्या आणि किडे यांना बोलवायला तो असतो. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर एक फूल नाहीच. बाहेरची जांभळट-तपकिरी पाती म्हणजे एक आवरण. आतल्या दांड्याच्या बुडाशी दाण्यांसारखी बारीक फुलं असतात. सगळ्यात खाली मादी फुलं, त्यांच्या वर नर फुलं, आणि त्याच्या वर तो गुळगुळीत लांब शेंडा.

यात एक गंमत आहे. मादी फुलं आधी तयार होतात आणि त्यांच्या मागून नर फुलांचा पराग सुटतो. पराग सुटेपर्यंत त्याच शेवळातल्या मादी फुलांची वेळ बहुधा टळून गेलेली असते. म्हणून एका शेवळाला दुसऱ्या शेवळाचा पराग लागतो, जे आदल्या दिवशी उमललंय त्याचा. किडा आदल्या दिवशीच्या शेवळातून अंगाला पराग लावून निघतो आणि आजच्या शेवळात शिरतो. तेव्हा बी धरतं. यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. आपण पुण्य म्हणून कुठंतरी कोपऱ्यात एखादं शेवळ सोडलं तर त्याचा फारसा उपयोग नाही. सोडायची तर एका जागी जवळजवळची सोडायची, आठ-दहा तरी. काही आज उमलतील, काही उद्या.

बी धरलं की दांड्याच्या बुडाशी मक्याच्या लहान कणसासारखी फळं भरतात. ती पिकून पडतात, आणि पुढच्या पावसात त्यातून इवलंसं एक पान येतं. तीच छत्री, पण करंगळीएवढी. मग दर पावसाळ्याला तिचा कंद थोडा थोडा मोठा होतो. काही वर्षांनी, कंद पुरेसा भरला की, पहिलं शेवळ येतं.

आता हिशेब करा. आपल्या उतारावरची सगळी मिटलेली शेवळं आपण दरवर्षी खुडतो. एकही उमलत नाही. म्हणजे कित्येक वर्षं तिथं बी पडलेलंच नाही. आहेत ते सगळे जुने कंद. त्यातला एखादा रानडुक्कर उकरतं, एखादा पाऊस वाहून नेतो, एखादा रस्त्याच्या जेसीबीखाली जातो. त्याच्या जागी नवा येत नाही. गावात पोरं जन्मालाच आली नाहीत, नुसती म्हातारी माणसं उरली, तर गाव किती दिवस चालेल? आपला उतार असा म्हातारा झाला होता.

हे सगळं कळल्यावर आमच्या गटात काय झालं ते सांगते, कारण तिथंच खरी अडचण आहे. मी बैठकीत मोठ्या उत्साहानं म्हटलं, "या वर्षी निम्मी शेवळं सोडू या." एक बाई होती, एकटी, दोन लेकरं, जमीन नाही. ती उठून म्हणाली, "ताई, तुमच्या घरी भात आहे. माझ्या पोराच्या दप्तराचे पैसे त्या पाटीतून येतात. मी सोडलेलं शेवळ दुसरी खुडून नेईल. मग मी काय केलं?"

मला तिला उत्तर देता आलं नाही. ती बरोबर बोलत होती. एकट्या बाईनं शेवळ सोडलं तर ते डोंगराला मिळत नाही, मागून येणाऱ्या बाईला मिळतं. म्हणून हे एकीचं काम नव्हेच. सगळ्या पाड्यानं ठरवलं तरच होतं. आणि ठरवताना ज्या बाईचं पोट त्यावर आहे तिच्याच पाटीतून कपात करायची, हा न्याय नाही.

मग तीन बैठका झाल्या. भांडणं झाली, ती सांगत बसत नाही. शेवटी असं ठरलं. उताराचा ओढ्याकडचा एक तुकडा राखायचा. त्याला दगड लावून चुना मारायचा. तिथलं शेवळ त्या वर्षी कुणीच खुडायचं नाही, आणि पावसाळाभर तिथं गवतही कापायचं नाही. बाकीचा उतार सगळ्यांना मोकळा. पण पहिले चार दिवस ज्यांना जमीन नाही त्या बायांनी जायचं, कारण पहिल्या जुडीला भाव चांगला असतो. नंतर बाकीच्यांनी. दरवर्षी राखीव तुकडा बदलायचा की तोच ठेवायचा यावर वाद होता. शेवटी तोच चार वर्षं ठेवायचं ठरलं, कारण इवली छत्री मोठी व्हायला वेळ लागतो.

हे ग्रामसभेत मांडलं. तिथं एका भावानं विचारलं, "जंगल सरकारचं, तुम्ही नियम कोण करणार?" त्याला कायदाच सांगावा लागला. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, तिच्यात मुळं आणि कंद यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्या लोकांना आहे, आणि त्याच कायद्यानं जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. हक्क आणि राखण दोन्ही एकत्र आहेत. तुमच्या गावात सामूहिक वनहक्काचा दावा झाला असेल तर शेवळाचा नियम ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात शेवळाचं नाव, जागा, महिना हे आपल्या बायांनी सांगून लिहून घ्यावं. नोंदवह्या भरायला येणारे बहुधा पुरुषांनाच विचारतात, आणि पुरुषांना शेवळ ताटात आल्यावरच माहीत असतं.

पहिल्या वर्षी राखीव तुकड्यात शेवळं उमलली आणि असा वास सुटला की ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया आम्हाला शिव्या देत होत्या. कुणीतरी दोन-चार काठीनं पाडलीही. पण उरलेल्यांना कणसं धरली. पुढच्या पावसाळ्यात आषाढ संपता संपता आम्ही बघायला गेलो, तर पाचोळ्यातून करंगळीएवढ्या छत्र्या वर आलेल्या. आम्ही मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. ज्या बाईनं मला बैठकीत अडवलं होतं, तीच खाली बसून मोजत होती आणि पाय ठेवणाऱ्या पोरांना ओरडत होती. त्यातल्या काही पुढं वाळल्या, काही एका वासरानं खाल्ल्या. उरलेल्या दरवर्षी थोड्या मोठ्या होत आहेत. त्यातल्या एकीलाही अजून शेवळ आलेलं नाही, हेही सांगते. वाट बघणं चालू आहे. पण बाकीच्या उतारावर एक फरक दिसला. आता पान ओळखता येत असल्यामुळं गवत कापताना बाया ते बाजूला ठेवून कापतात. तिथली जुनी शेवळं यंदा जरा जाड निघाली, असं आमच्या म्हाताऱ्या बायांचं म्हणणं आहे.

आता खुडण्याविषयी थोडं. दांडा हातानं उपटू नका. ओल्या जमिनीत जोरानं ओढलं तर कंदाचा डोळाही वर येतो, आणि त्याच डोळ्यातून पुढं पान यायचं असतं. विळ्यानं किंवा चाकूनं जमिनीच्या दोन बोटं वर कापा. जे उमललंय आणि वास मारतंय त्याला भावच नाही, तर ते तुडवू नका, पाडू नका. ते तुमच्या लेकीसाठी बी धरतंय. आणि कंद खणून विकायला कुणी व्यापारी सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. दांडा विकला तर पुढच्या वर्षी पुन्हा दांडा. कंद विकला तर मुद्दलच गेलं.

घराजवळ लावायचं असेल तर जंगलातले मोठे कंद आणू नका. पिकलेल्या कणसातलं थोडं बी आणा. फळाचा गर हाताला खाजतो, म्हणून हाताला तेल लावून किंवा पिशवी घालून बी धुऊन घ्या. झाडाच्या अर्ध्या सावलीत, पाणी साचत नाही अशा जागी, पालापाचोळ्याच्या मातीत टाका. पाणी तुंबलं तर कंद कुजतो. शेणखताचा मोठा ढीग घालायची गरज नाही. आणि जागेला खूण ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात आपणच तिथं चूल मांडू.

शेवटी स्वयंपाकाचं, कारण आता शहरातल्या बायाही शेवळ विकत घेतात आणि घरी नेऊन तोंड खाजलं की म्हणतात, आदिवासी बाईनं फसवलं. शेवळात सुरणासारखेच सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला आणि जिभेला टोचतात, त्यालाच आपण खाज म्हणतो. म्हणून कच्चं कधी चाखू नये, लहान लेकराच्या हातात देऊ नये. साफ करताना हाताला तेल लावा. बाहेरची जून पाती काढून टाका. आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळट, दाणेदार भाग, म्हणजे मघाशी सांगितलेली ती बारीक फुलं, पूर्ण काढून टाका. सगळ्यात जास्त खाज तिथंच असते. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडाची फळं ठेचून त्यांचा आंबट रस घालून पुरेसं शिजवायचं. काकड नसेल तर चिंच किंवा कोकम. आंबट आणि शिजवणं, या दोन्हींत कंजूषपणा नको. मग त्यात वाल घाला, सोडे घाला, कोलंबी घाला, तुमच्या घरची जी रीत असेल ती. विकताना प्रत्येक जुडीबरोबर चार काकडं द्या आणि दोन वाक्यांत कृती सांगा. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तुम्हालाच शोधत येईल. खाऊन तोंड खाजलं तर ताक किंवा कोकमाचं पाणी घ्या, पण ओठ-घसा सुजला, श्वास अडला तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि एक इशारा. पावसाळ्यात जंगलात शेवळासारखी दिसणारी दुसरीही कंदाची झाडं उगवतात. सापकांदा त्यातलाच एक. फण्यासारखं फूल बघून शेवळ समजून आणू नका. जे आपल्या घरातल्या जाणत्या बाईनं ओळखलं नाही, ते पाटीत घालायचं नाही, हा जुना नियम आजही खरा.

मैत्रिणींनो, आता दोन-तीन आठवडे शेवळाचा हंगाम आहे. खुडा, विका, भाजी करा, त्यात काही चूक नाही. हक्काचं आहे ते. फक्त तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्या उताराचा कुठला तुकडा राखायचा, आणि ज्या बाईचा जून शेवळावर निघतो तिची सोय काय? दुसरा प्रश्न सोडून पहिला विचारू नका, नाहीतर आमच्यासारख्या तीन बैठका कराव्या लागतील. मग आषाढात, रिमझिम चालू असताना, मुलींना घेऊन त्याच उतारावर जा. खुडलेल्या दांड्याच्या जागी ठिपक्यांची छत्री उभी असेल. ती त्यांना दाखवा आणि सांगा की हे शेवळाचं पान आहे, पुढच्या वर्षीची भाजी आत्ता इथं तयार होते आहे. मला हे कळायला फार वर्षं लागली. त्यांना यंदाच कळू दे.